पुढची कबर

शांतवनकाकांवर माझा राग आहे. ते आता हयात नाहीत म्हणून तो कमी करावा, असं मला वाटत नाही. गेलेल्या माणसाला सूट द्यायची आपल्याकडे रीत आहे. पण मी भंगाराच्या धंद्यात वाढलो. सायकलवर पत्रे आणि तारा गोळा करत करत कुंभिवलीला हायवेवर स्वतःचं गोदाम उभं केलं, ते कोणाला उगाच सूट देऊन नाही. काकांनाही देणार नाही. जे आहे ते तेवढंच तोलून सांगतो.

काका आमच्या ख्रिस्ती मंडळीची दफनभूमी सांभाळत आणि कबरी खणत. मंडळी मोठी नाही. भिसेगावात एक बैठा हॉल, रविवारी सकाळी उपासना. बहुतेक कुटुंबं नगरकडून नोकरीसाठी आलेली, मोहोपाड्याच्या कारखान्यांत आयुष्य काढून आता निवृत्त झालेली. माझे बाबा आणि काका एकाच गावचे. बाबा आधी आले, बॉयलरवर लागले, मग त्यांनी काकांना कंपनीच्या कॉलनीत माळी म्हणून चिकटवलं. पुढे दोघांनी भिसेगावात शेजारीशेजारी खोल्या घेतल्या. बाबा आम्हा सगळ्या घराण्यासारखे ताडमाड, आणि काका त्यांच्या काखेत मावतील एवढे. संध्याकाळी दोघं फिरायला निघाले की पोरं फिदीफिदी हसत. बाबा हातातली काठी उगारत. काका पोरांना हात जोडत.

दफनभूमी गावाबाहेर चढावर आहे. वर थोडासा मुरूम आणि खाली काळा पाषाण. तिथे खणायचं म्हणजे माती उकरायची नाही, दगड फोडायचा. पहार, छिन्नी, घण. उन्हाळ्यातही आठवडा जातो, आणि मयत काही आठवडाभर थांबत नाही. म्हणून आमच्यात जुनी रीत आहे, एक कबर कायम खणून तयार ठेवायची. तिच्यावर पत्रे, पत्र्यांवर दगड, भोवती पाणी अडवायला मातीचा बांध. कोणी गेलं की ती वापरायची, आणि मूठमाती देऊन लोक घरी वळले की लगेच दुसरी सुरू करायची. तिला कोणी कबर म्हणत नाही. 'पुढची' म्हणतात. पुढची झाली का, असं लोक काकांना हॉलच्या पायरीवर विचारत, जसं स्वयंपाक झाला का विचारावं.

आणि झाली असं त्यांनी सांगितलं की बोलणं तुटायचं. जो तो मनातल्या मनात आजाऱ्यांची उजळणी करायचा. एखादी म्हातारी खोकली तरी माना वळायच्या. आमच्यातल्या एक पगारेबाई काका समोर दिसले की पदर तोंडाशी धरून म्हणत, "माझ्याकडं बघू नका हं, नातीचं लग्न व्हायचंय अजून." बाकीचे हसत. काका मात्र चप्पल बघत उभे राहत. मला काही कळत नसतं बाई, सांगितलंय तेवढं मी खणतो, एवढंच म्हणत. याने कोणाचं समाधान होत नसे. उलट, सांगितलंय कोणी, हा प्रश्न सगळ्यांच्या पाठीवरून थंड पाण्यासारखा उतरायचा.

काका बाजारात गेले की मला लाज वाटायची. मी माणूस घासाघीस करणारा. समोरच्याने भाव सांगितला की मी निम्म्यावरून सुरू करतो, कधी शिव्या देतो, कधी उठून चालायला लागतो. काका भाव विचारत आणि तेवढे पैसे देत. पावसाळ्यात डोंगरातल्या ठाकूर बायका रानभाज्या घेऊन बसतात. एकदा मी त्यांच्यातल्या एकीशी टाकळ्याच्या जुडीवरून भांडत होतो, तेवढ्यात काका आले, सांगितला तो भाव देऊन निघाले. त्या बाईने त्यांना हाक मारून परत बोलावलं आणि आणखी एक जुडी पिशवीत कोंबली. मी म्हणालो, मला का नाही? ती म्हणाली, "तुमी भांडून घेता ना भाऊ, तुमाला लागत नाय." घरी येऊन मी बाबांना सांगितलं की हा माणूस बाजार बिघडवतो. बाबा पोट धरून हसले.

पण भाव न करणं एक, आणि सौदाच न करणं वेगळं. काकांना काहीही देऊ करा, काहीही मागा, त्यांचं उत्तर एकच असायचं, "विचारून सांगतो." धंद्यात हे वाक्य मला रोज ऐकू येतं. भावाला विचारून सांगतो, बायकोला विचारून सांगतो. त्याचा अर्थ भाव वाढवा असा असतो. काकांना भाऊ नव्हता, बायको कधीच गेलेली. ते देवाला विचारत. आणि एकदा उत्तर मिळालं की त्यावर बोलणं नसे.

मी त्यांना गोदामावर राखणीला बोलावलं होतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वर पगार. बाबांचा मित्र म्हातारपणी दगड फोडतो हे मला बरं वाटत नव्हतं. विचारून सांगतो म्हणाले. बरेच दिवस गेले. मग एका रविवारी उपासना संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, नको म्हणाला. मी कारण विचारलं. ते म्हणाले, कारण तो सांगत नाही, गड्याला मालक कारण सांगत बसतो का? मी चिडून दुसरा राखणदार ठेवला, गणपत नावाचा, खालापूरकडचा. पुढे भंगारात आलेलं एक जुनं सिलिंडर फुटलं आणि गणपतचा उजवा हात कोपरापासून गेला.

लोकांनी त्यात चमत्कार पाहिला. मला राग आला. स्वतःसाठी विचारलंत, मग गणपतसाठी कोण विचारणार होतं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. काका रोज त्याच्यासाठी डबा घेऊन हॉस्पिटलात जात होते. डबा हातात धरून तसेच उभे राहिले. म्हणाले, मला माहीत असतं तर धावत आलो असतो रे. मला जाऊ नको एवढंच कळलं, त्याच्यापुढचं काही कळलं नाही. आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या दिवसापासून ते पहार खांद्यावर टाकून बाजारातून निघाले की माणसं बाजूला सरू लागली.

आता माझं गाऱ्हाणं.

दफनभूमीत कबरी ओळीने होतात. जागा राखून ठेवता येत नाही; जो जाईल त्याला पुढची. माझी आई बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेजारी एक जागा रिकामी राहिली होती, कारण तिथला खडक काकांनीही सोडून दिला होता. बाबांचं दुखणं वाढलं, घरी ऑक्सिजन लावावा लागला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. आयुष्यभर त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणाले, मला तुझ्या आईजवळ ठेव.

तयार असलेली कबर नुकतीच वापरली गेली होती, तेव्हा मी मंडळीच्या पंचांकडे गेलो. दफनभूमीला कुंपण नव्हतं, गुरं शिरत. मी म्हणालो, माझ्याकडे कंपनीतून सुटलेले चांगले पाइप आहेत, सगळं कुंपण आणि फाटक मी घालून देतो. तुम्ही पुढची आईच्या शेजारी खणा. बाबांचं नाव कोणी घेतलं नाही, घ्यायची गरज नव्हती. पंच हो म्हणाले. काकांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, विचारून सांगतो. काही दिवसांनी त्या जागेवरून छिन्नीचा आवाज यायला लागला. मी समजलो, सौदा झाला.

त्या खडकाने काकांना पार खाल्लं. तळहात फुटले. सकाळी फोडायचं आणि दुपारी येऊन बाबांच्या उशाशी बसायचं. दोघं बोलत नसत. ऑक्सिजनचं यंत्र तेवढं घुरघुरत असे. जुलै लागायच्या आत कबर झाली, पत्रे पडले. त्या रविवारी लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. सगळ्यांना माहीत होतं कोणाची आहे.

मग ती दुपार. खालापूरकडच्या एका बांधकामावर झारखंडचा एक मजूर वरून पडून गेला. कागदपत्रं उरकली, ठेकेदाराने एक टेंपो करून दिला आणि फोन बंद केला. त्याच्या सोबत्यांना इथलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता, म्हणून विचारत विचारत ते आमच्या हॉलवर आले. पाळकसाहेब पुण्याला गेलेले. पाऊस तर असा की पलीकडचं घर दिसत नव्हतं. लोकांनी त्यांना काकांकडे पाठवलं. काका तेव्हा बाबांजवळ बसले होते. माझ्या बायकोने पाहिलं, त्यांनी बाबांच्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, मग उठले आणि छत्री न घेता त्या माणसांबरोबर गेले.

मला फोन आला तेव्हा मी गोदामात होतो. दफनभूमीत पोचलो तोवर कबर बुजली होती. मजूर निघून गेले होते आणि काका एकटे फावड्याच्या पाठीने माती थापत होते.

मी म्हणालो, "काका, ती बाबांची होती."

"खण म्हणून सांगितलं होतं, योसेफ. कोणासाठी, ते सांगितलं नव्हतं."

"आणि आज सांगितलं?"

"हो."

"मग बाबांसाठी काय सांगितलं?"

फावडं त्यांनी मातीत रोवलं. तोंडावरून पाणी वाहत होतं. म्हणाले, "तेही विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. काही बोलला नाही."

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

मी धंद्याचा माणूस, हात बांधून बसणार नव्हतो. माझ्याकडे दगड फोडायचा ब्रेकर होता, तो आणि चार माणसं घेऊन आईच्या दुसऱ्या बाजूला, ओळीबाहेरच्या कडेला लावला. यंत्र सुरू झालं तसा सगळा उतार थरथरायला लागला. गुडघाभर खोल गेलो आणि खडकाच्या भेगेतून पाणी उसळलं. पंप लावला. पंपाने पाणी ओढलं तशी बाजूची माती ओढली गेली, आणि आईच्या कबरीचा काठ आमच्याकडे सरकू लागला. माणसांनी मला न विचारता यंत्र बंद केलं.  काका खड्ड्यात उतरले, दोन्ही हातांनी आईच्या बाजूला दगड लावत बसले आणि अंधार पडायच्या आत ती कड त्यांनी सावरली.

बाबांना आम्ही पनवेलला पुरलं. ओळखीने जागा मिळाली. शेजारी कोण आहे मला माहीत नाही.

पेटी करणारा सुतार नंतर मला म्हणाला, एक सांगू का शेठ, ती जी कबर केली होती ना, त्यात तुमच्या बाबांची पेटी गेलीच नसती. काकांनी नेहमीच्या मापाची खणली होती, हातभर कमी पडली असती. मला वाटतं, माझं समाधान व्हावं म्हणून त्याने सांगितलं. मला ते ऐकून झोप लागेना. माझ्या बाबांचं माप काकांइतकं कोणाला ठाऊक होतं?

पुढच्या रविवारी मी हॉलच्या व्हरांड्यात काकांची कॉलर धरली. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, बोललो त्यातलं काही मागेही घेत नाही. त्यांनी माझा हात सोडवला नाही. एवढंच म्हणाले, "तू म्हणतोस ते सगळं खरं असेल. पण मला नाही म्हणता आलं नसतं." त्या वाक्याने मी आणखी भडकलो. उलट बोलणाऱ्याशी भांडता येतं. तोंड चुकवणाऱ्याला पकडता येतं. हा माणूस माझ्या मुठीत होता आणि माझ्या हाती काही लागत नव्हतं.

मी पंचांना सांगितलं, हा माणूस तिथे नको. माझं फाटक बसलं होतं, कुंपण अर्धंच झालं होतं आणि पंचांना ते पुरं हवं होतं. त्यांनी काकांकडून दफनभूमीची किल्ली काढून घेतली. काकांनी ती शर्टाला पुसून दिली. त्यानंतर ते उपासनेला सगळ्यात मागे, दारापाशी बसू लागले, जिथे लोक चपला काढतात. पावसात चपलांचा चिखल होई. प्रार्थना संपेपर्यंत काका त्या पुसून, तोंडं बाहेर करून, ओळीने लावून ठेवत. माझ्याही. मी मुद्दाम दूर, व्हरांड्याच्या टोकाला काढायला लागलो. परत आलो की तिथल्या तिथे, तोंडं बाहेर करून ठेवलेल्या असत.

मी डोंगरातल्या वाडीवरचे दोन तगडे गडी खणायला लावले. पहिल्याच दिवशी त्यांनी पहार टाकली. थोरला म्हणाला, "शेठ, मजुरी नको देऊ, पण हितं आमी नाय. ह्यो दगुड आमचं आयकत नाय." मग पंचांनी काकांना बोलावणं धाडलं. मी मुद्दाम हजर राहिलो. मला बघायचं होतं. ज्याची गरज पडली आहे, ज्याचा अपमान झाला आहे, त्याच्या हातात त्या वेळी सगळा भाव असतो. मी असतो तर पंचांना उभं करून माफी मागायला लावली असती. काकांनी विचारलं, कुठून सुरू करू? बस. किल्लीसुद्धा मागितली नाही. पंच विसरले, आणि बरेच महिने काका फाटकावरून चढून आत जात होते. माझ्याच पाइपांच्या फाटकावरून.

एकदा भर दुपारी मी त्यांना तिथे गाठलं. ते खड्ड्याच्या काठावर बसून भाकरी खात होते. मी विचारलं, तुमचा देव बोलतो म्हणजे नक्की काय होतं? आवाज येतो? काकांनी अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. मग म्हणाले, "आवाज बिवाज काही नाही रे. मला जे हवं असतं ना, ते मनात येतं, ते माझं. जे मला नको असतं, आणि कितीही ढकललं तरी जात नाही, ते त्याचं. एवढीच माझी अक्कल."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी तुझ्या बापाच्या उशाशी बसून मी ढकलत होतो," काका म्हणाले. "टेंपो यायच्या आधीपासून."

मी तिथून निघून आलो. कोणी मला असं काही सांगितलं की मी त्यातली खोट शोधतो. ती मला अजून सापडलेली नाही, आणि राग त्याचाही आहे. जो माणूस आपल्याला हवं ते बाजूला ठेवून नको ते करतो, त्याच्याशी भाव कसा करणार? त्याच्याकडे विकायला काही उरलेलंच नसतं. पाळकसाहेब उपदेशात लीनतेबद्दल बोलतात, आज्ञापालनाबद्दल बोलतात, आणि आम्ही माना डोलावतो, कारण ऐकायला ते गोड असतं. मी ते जवळून पाहिलं आहे. ते गोड नव्हतं. माझी आई इथे आहे आणि बाप पनवेलला.

काकांचे गुडघे गेले तेव्हा श्रीरामपूरची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. तिथेच ते या उन्हाळ्यात वारले, तिथेच त्यांना पुरलं. तिकडे मऊ काळी माती आहे; सकाळी खणायला घेतली आणि दुपारी झालीसुद्धा, असं मुलगी फोनवर म्हणाली. इथे मात्र त्यांनी जाण्याआधी खणलेली पुढची तशीच आहे, पत्र्याखाली. त्यानंतर मंडळीत कोणी गेलेलं नाही. इतके दिवस ती कधी रिकामी राहिली नव्हती. पगारेबाईंच्या नातीचं लग्न झालं, तरी त्या आता विनोद करत नाहीत. रविवारी सगळे जमले की लोक एकमेकांकडे बघतात आणि नजर काढून घेतात.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याच्या आदल्या आठवड्यात. पाऊस सरला होता, गवत पिवळं पडायला लागलं होतं. कुंपणाचे पाइप कुठे गंजलेत ते बघायला मी गेलो होतो. ओळीच्या टोकाला खड्डा दिसला, वर फावडं पडलेलं, काका कुठे दिसेनात. जवळ जाऊन वाकून पाहिलं तर ते तळाशी उताणे पडले होते, हात छातीवर, डोळे मिटलेले. मी हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

म्हणाले, घाबरू नको, माप घेतोय. मी नेहमी असंच बघतो, दोरी लागत नाही. मी पाहिलं. डोकं एका दगडाला टेकलेलं, पावलांपुढे पेटीपुरती जागा. झालीच की मग, मी म्हणालो.

"मला झाली." ते कोपरावर उठून बसले, दगडाला पाठ लावली. बराच वेळ धापा टाकत होते. माझ्याकडे बघत नव्हते. "पण हातभर वाढव, असं मनात येतंय. कधीपासून येतंय. मला नकोय ते, योसेफ. मी लई ढकललं."

मी खड्ड्याच्या लांबीकडे पाहिलं, मग माझ्या पावलांकडे. वाऱ्याने गवत हललं तेवढंच.

मग ते गुडघ्यांवर आले, पायाकडच्या दगडावरून त्यांनी हात फिरवला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाले, "छिन्नी तिकडं राहिली, तुझ्या पायाशी. देतोस का?"

मी वाकलो आणि दिली.